जिवाणूंनी मोजलेलं बी-१२

एक मिलिलिटर सीरममध्ये बी-१२ जीवनसत्त्व २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं, की साधारणपणे कमतरता धरतात. एका ग्रॅमचे ५०० कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे हे २०० पिकोग्रॅम. कुठल्याच तराजूत हे तोलता येणारं नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत हे काम अजूनही जिवाणूंकडून करून घेतलं जातं.

लॅक्टोबॅसिलस लाइखमानी हे त्या जिवाणूचं जुनं नाव. दह्यातल्या जिवाणूंच्या अगदी जवळच्या नात्यातला. त्याला स्वतःला बी-१२ तयार करता येत नाही आणि त्याच्यावाचून वाढताही येत नाही. सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. साखर, अमिनो आम्लं, बाकीची जीवनसत्त्वं त्याला पोटभर द्यायची. बी-१२ मात्र त्याने रुग्णाच्या सीरममधूनच घ्यायचं. जेवढं मिळेल, तेवढाच तो वाढतो.

रक्तातलं बी-१२ मोकळं नसतं, प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायला सीरममध्ये आम्लधर्मी बफर आणि किंचित सायनाइड घालून ऑटोक्लेव्ह करावं लागतं. सायनाइडमुळे बी-१२ची निरनिराळी रूपं एकाच टिकाऊ रूपात येतात. पण आम्लात सायनाइड पडलं की विषारी वायू निघतो, म्हणून हे सगळं फ्यूम हूडमध्येच, आणि त्या वेळी कुणी कुणाशी बोलत नाही. उष्णतेने प्रथिनं साकळतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाशी बसतात. वरचा नितळ द्रव आमच्या कामाचा. उजेडाने बी-१२ खराब होतं, त्यामुळे नळ्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या असतात. जिवाणूही आधी धुऊन घेतलेले. आधीच्या खाद्यातलं बी-१२ त्यांच्याबरोबर आलं, तर हिशेब तिथेच चुकतो.

मग ९६ खळग्यांची प्लेट भरायची. काही खळग्यांत माहीत असलेल्या मात्रेचं बी-१२ चढत्या क्रमाने, काही खळगे ब्लँक, बाकी रुग्णांचे नमुने. ३७ अंश सेल्सिअसला जवळपास दोन दिवस ठेवून प्लेट बाहेर काढली, की मी आधी ब्लँककडे बघते. तिथे बी-१२ नाही, म्हणून तिथलं पाणी स्वच्छच राहायला हवं. ते गढूळ दिसलं तर पुढचं काही वाचायचं नाही, प्लेट फेकायची. ब्लँक ठीक असेल तर मात्र डोळ्यांनाही कळतं: एका टोकाला नितळ, मग धुरकट, मग दाट पांढरं. हा गढूळपणा यंत्र मोजतं आणि माहीत असलेल्या मात्रांशी ताडून रुग्णाचा आकडा काढतं.

प्रत्येक नमुना आम्ही कमी-जास्त पातळ करून दोनदा लावतो. दुप्पट पातळ केला तर त्यात निम्मं बी-१२ यायला हवं. कधी उलटंच होतं: दाट नमुन्याचा खळगा नितळ आणि पातळ केलेल्याचा गढूळ. मग फॉर्म काढून बघायचा, रुग्ण प्रतिजैविक घेतोय का. औषधाने जिवाणूच दडपले, तर बी-१२ असूनही ते कमी दिसतं. या पद्धतीचं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं: काही बिघडलं, तर ते प्लेटवर दिसतं.

बी-१२ सापडलं तेच मुळी अशा जिवाणूमुळे. अमेरिकेत जिवाणूशास्त्रज्ञ मेरी शॉर्ब यांच्या हाताखालचा लॅक्टोबॅसिलस यकृताच्या अर्काशिवाय वाढत नसे. ‘पर्निशस ॲनिमिया’ या रक्तक्षयाच्या आजाराचे रुग्णही यकृताच्या अर्कानेच सुधारत. दोघांना हवा असलेला पदार्थ एकच असणार, असं शॉर्ब यांनी ओळखलं. तोवर अर्काचा प्रत्येक अंश रुग्णांवर तपासावा लागे; आता तो जिवाणूवर तपासता येऊ लागला, आणि १९४८मध्ये मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बी-१२चे लाल स्फटिक वेगळे केले.

आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे काम स्वयंचलित यंत्रं करतात, तासाभरात आणि शेकड्याने. त्यांच्याशिवाय चालणार नाही. पण ती जठरातल्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ या प्रथिनाने बी-१२ पकडतात, आणि पर्निशस ॲनिमियाच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात नेमकी याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असतात. ती आधी नीट नष्ट झाली नाहीत, तर आकडा खोटाच वर जातो. राल्फ कार्मेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२मध्ये अशा २३ रुग्णांचं सीरम तीन यंत्रांवर तपासलं. यंत्रागणिक २२ ते ३५ टक्के नमुने ‘नॉर्मल’ आले. खरा आजारी माणूसच निरोगी ठरत होता. अशी शंका आली की मिथिलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन मोजावं. पेशींना बी-१२ पुरत नसेल तर ही दोन्ही वाढतात.

आपल्याकडे हे बारकाईने बघायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६मध्ये पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी होतं. बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मांस-मासळीतून. भाजी-भाकरीत ते जवळजवळ नसतंच.

आणि एक विनंती. केस गळू नयेत म्हणून हल्ली बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची आहे. बायोटिनवर चालणाऱ्या काही यंत्रांत या गोळ्यांमुळे बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व आहे त्याहून जास्त दिसतं. तपासणीला जाताना गोळी घेताय हे डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा, आणि ती किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या. बी-१२चं इंजेक्शन घ्यायचं असेल, तर रक्त त्याच्या आधी द्या.