जुनी थाटाची मोटार आणि तिच्या अंगातील वीज

घरात चार पैसे जमले की दारात मोटार यावी, आणि ती साधीसुधी नसून थाटाची असावी, ही हौस मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. नवी आलिशान मोटार घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते; परंतु पंधरा-वीस वर्षे वापरलेली परदेशी घडणीची मोटार पुण्या-मुंबईकडून बऱ्याच कमी किमतीत मिळून जाते. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या आपल्या भागात लग्नसराईच्या दिवसांत अशा मोटारी फुलांनी सजून उभ्या असलेल्या दिसतात. कातडी बैठका, चकचकीत लाकडी पट्ट्या आणि बटण दाबताच सरकणाऱ्या काचा पाहून मन प्रसन्न होते. मात्र या थाटामागे तारांचे जे जाळे लपलेले असते त्याचे वय कोणी विचारीत नाही. त्या जाळ्याविषयी चार उपयोगी गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी निपाणीचे एक लग्न आटोपून आम्ही सहाजण रात्री अशाच एका मोटारीने बेळगावकडे निघालो होतो. तवंदीचा घाट चढत असताना एका वळणावर पुढचे दोन्ही दिवे एकाएकी मालवले. मागून मालट्रक येत होता. चालकाने प्रसंगावधान राखून मोटार डावीकडे घेतली म्हणूनच आज हे लिहावयास मिळत आहे. जळक्या रबराचा वास सुटला होता. मागे वृद्ध मावशी आणि मांडीवर झोपलेले मूल. त्यांना आधी खाली उतरवले. मग विजेरीच्या उजेडात फ्यूजची पेटी उघडून पाहिली, तो एका फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली! चालक म्हणाला, “साहेब, फ्यूज सारखा उडत होता. मेस्त्रींनी तार घातली. त्यानंतर दोन महिने काही तक्रार नव्हती.”

तक्रार नव्हती हे खरे. कारण तक्रार करणाऱ्याचेच तोंड बंद केले होते. वरातीसाठी लावलेले जादा दिवे त्याच तारेवर जोडले होते. फ्यूज उडून सांगत होता की भार सोसवत नाही. ते ऐकले नाही, तेव्हा बटणामागची तार वितळून तिने तेच सांगितले. पण ते सांगण्यासाठी तिने घाटातले वळण निवडले.

पुष्कळांची अशी समजूत असते की मोटारीची वीज बारा व्होल्टची, ती काय करणार? घरातील वीज २३० व्होल्टची असते, तिचा धक्का बसतो. बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडा हात लावला तरी काही होत नाही. येथेच आपली फसगत होते. मोटारीच्या विजेत भय धक्क्याचे नसून उष्णतेचे आहे. इंजिन सुरू करताना सेल्फची मोटर शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह ओढते. तारेवरचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली व मध्ये फ्यूज नसला, तर याहूनही मोठा प्रवाह वाहतो आणि तार क्षणात लाल होते. शेजारी पेट्रोलची जुनी, तडकलेली नळी असली तर पुढचे सांगावयास नको.

थोडा हिशोब करून पाहू. पुढच्या दोन दिव्यांत प्रत्येकी ५५ वॅटचे बल्ब असले तर १२ व्होल्टवर प्रवाह सुमारे ९ अँपिअर होतो. उजेड जास्त पडावा म्हणून कोणी १०० वॅटचे बल्ब बसवले, तर तोच प्रवाह सुमारे १७ अँपिअर होतो. प्रवाह दुपटीहून कमीच वाढला, असे वाटेल. परंतु तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच जुनी तार आता तिपटीहून अधिक तापते. सैल जोडाचेही तसेच. जोडात एका ओहमचा विसावा भाग एवढाच अडथळा निर्माण झाला आणि त्यातून २० अँपिअर वाहिले, तर त्या एका बिंदूवर २० वॅट उष्णता सतत निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहानशा डागणीत जवळजवळ तेवढीच उष्णता असते आणि तिने कथील वितळते!

मोटारीत एवढी वीज आली कोठून? आरंभीच्या मोटारी हाताने हँडल फिरवून सुरू करीत व त्यांचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर आला व हँडलचे कष्ट संपले. तरी पुढील कित्येक वर्षे विजेची कामे मोजकीच होती : सेल्फ, ठिणगी, दिवे आणि कर्णा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती पाहण्यास आपल्याकडील लोकही आवर्जून जातात. ती मोटार १९३० नंतरच्या दशकातील आहे. त्या पिढीच्या मोटारीतील तारा जाणता मेस्त्री एका बैठकीत बोटाने मोजून दाखवील.

पुढे काळ पालटला. १९७८ साली चाके न अडकू देणारे ब्रेक विजेच्या नियंत्रणाने बाजारात आले, पाठोपाठ हवेच्या पिशव्या आल्या. १९९५ पासून पुण्याजवळ मर्सिडीज मोटारी जोडल्या जाऊ लागल्या आणि ही सारी यंत्रणा आपल्याही रस्त्यांवर दिसू लागली. अशा मोटारीत तारांची लांबी मैलांत मोजावी लागते. काच, कुलूप, बैठक, ब्रेक, गिअर या सर्वांना आपापली नियंत्रक पेटी असते. म्हणून मेबॅकसारखी मोटार पाहून ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की वीस-तीस वर्षांची आलिशान मोटार ही वेगळीच जात आहे. तिचे इंजिन अजून खणखणीत असेल. पण तारांवरचे आवरण, रबर आणि जोड यांचे आयुष्य इंजिनाइतके नसते. १९९० नंतरच्या काही युरोपीय मोटारींत तर इंजिनाजवळील तारांचे आवरण थोड्याच वर्षांत बिस्किटासारखे चुरा होऊन पडत असे.

त्यात आपल्या भागाच्या हवेची भर पडते. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडे पावसाची झड लागते. काचेखालच्या व छतावरच्या झरोक्याच्या पन्हळीत पाने साचली की पाणी आत उतरते व गालिच्याखाली मुरते. नेमक्या तेथेच कित्येक मोटारींत नियंत्रक पेट्या बसवलेल्या असतात. जोडांवर हिरवट गंज चढतो आणि मग पाऊस पडला की काच आपोआप उतरू लागते. लोक त्याला मोटारीचा लहरीपणा म्हणतात. वखारीजवळ मोटार उभी राहत असेल तर उंदरांचाही उपद्रव असतो. बॉनेटखालची ऊब त्यांना मानवते आणि तारांचे आवरण कुरतडावयास मिळते.

बॅटरीकडे पाहू. विश्रांती घेतलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ असावा. पंधराच्या वर गेला तर बॅटरी उकळू लागते व तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. अशा बॅटरीजवळ काडी ओढणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. लग्नसराई संपली की मोटार महिनोन्‌महिने छपरात उभी राहते. एखादी पेटी बंद न होता अर्धा अँपिअर खात राहिली, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत संपते. मग जेमतेम सुरू केलेल्या मोटारीत निरनिराळे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात. अशा वेळी महागडी पेटी बदलण्यापूर्वी बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी तपासावी. इंजिन व पत्रा यांना जोडणारी ती पट्टी गंजली असेल तर दिवे मंदावतात, सेल्फ रडतो आणि दोष भलत्याच भागावर जातो. दिव्याला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, हे घाटात रात्री मोटार हाकणाऱ्याने विसरू नये.

तेव्हा करावे काय? फ्यूज पेटीच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच बसवावा. तार, चांदीचा कागद अथवा मोठा फ्यूज कधीही घालू नये. नवा फ्यूज पुन्हा उडाला तर ते काम बंद ठेवून कारण शोधावे. जादा दिवे लावावयाचेच असतील तर त्यांना बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र फ्यूज व रिले द्यावा. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ कराव्यात आणि गालिच्याखाली हात घालून ओल पाहावी. मोटार विकत घेताना रंग व कातडे पाहण्याआधी बॉनेट उघडून तारा हलकेच वाकवून पाहाव्यात. आवरण तडकले तर किंमत ठरवताना तारा बदलण्याचा खर्च मनात धरावा. हवेच्या पिशव्यांच्या तारांना बहुधा पिवळे जोड असतात. त्यांना अनोळखी हाताने शिवू नये. मोटारीत भुकटीचे अग्निशामक नळकांडे बैठकीखाली हाताशी ठेवावे.

चालत्या मोटारीत जळका वास आला किंवा धूर दिसला तर खिडकी उघडून वारा घेत पुढे जाऊ नये. कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून रस्त्यापासून दूर न्यावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. वीज बंद पडल्यास काच खाली येत नाही. म्हणून दाराची आतली कडी हाताने कशी उघडते हे घरातील लहानथोरांना आधीच दाखवून ठेवावे. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट सताड उघडू नये. वारा लागताच ज्वाळा भडकते. सामानासाठी परत आत शिरू नये. सामान पुन्हा घेता येते.

त्या रात्री आम्ही दुसऱ्या वाहनाने घरी पोहोचलो. मोटार दुरुस्त झाली, तारा नव्या पडल्या आणि जादा दिवे निघाले. आता प्रवासाला निघण्यापूर्वी तो चालक फ्यूजची पेटी स्वतः उघडून पाहतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “साहेब, फ्यूज उडाला तर आता राग येत नाही.” दहा-वीस रुपयांचा तो तुकडा स्वतः जळतो व आतल्या माणसांना वाचवतो. त्याचे म्हणणे वेळीच ऐकावे, म्हणजे जुन्या थाटाचा आनंद निर्धास्तपणे घेता येईल.