तंबोऱ्याची जवारी आणि अडीचची वायर

कुमार गंधर्व 1948 मध्ये देवासला आले ते क्षयावर उतार पडावा म्हणून. माळव्याची कोरडी हवा मानवेल, असा सल्ला होता. पुढची पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले आणि नंतर जे सुरू झाले, ते 1992 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत देवासातूनच. टेकडीच्या पायथ्याच्या त्यांच्या ‘भानुकुल’ या घरातले तंबोरे कसे लागायचे, याच्या आठवणी जाणकार आजही रंगवून सांगतात. त्यामुळे देवास-धारकडच्या एखाद्या मराठी घरात हाय-फाय संच बसला की त्याची पहिली परीक्षा कुमारजींच्या ध्वनिमुद्रणातल्या तंबोऱ्याने घेतली जावी, हे ओघानेच आले. जवारी नीट उघडली नाही, तर श्रोता आधी ॲम्प्लिफायरकडे बघतो, मग स्पीकरकडे, आणि शेवटी दोघांना जोडणाऱ्या वायरकडे.

नेमक्या याच क्षणी विक्रेता सरसावतो. ऑक्सिजनमुक्त तांबे, चांदीचा मुलामा, मनगटाएवढी जाड नायलॉनची विणलेली बाही. वर एक सूचना: ‘‘शंभर तास वाजू द्या, मग खुलेल.’’

स्पीकरची वायर हा स्वतंत्र आणि महागडा माल होऊन फार काळ झालेला नाही. 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेतही लोक टेबल-दिव्याचीच दोन पदरी वायर वापरत. दशकाच्या अखेरीस नोएल ली यांनी ‘मॉन्स्टर केबल’ बाजारात आणली आणि दुकानदारांना नफ्याची नवी जागा सापडली. 1983 मध्ये ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकासाठी लॉरेन्स ग्रीनहिल यांनी तुलनेची चाचणी घेतली. संगीत चालू असताना मॉन्स्टर कोणती आणि 16 गेजची साधी वायर कोणती, हे श्रोत्यांना खात्रीने सांगता आले नाही. 24 गेजची बारीक वायर मात्र चाचणीच्या खरखरीत पकडली गेली. पुढे 2007 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने 7,250 डॉलर किमतीची ‘पेअर’ कंपनीची जोडी साध्या वायरहून वेगळी ऐकू येते, हे सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. चर्चा बरीच झाली, चाचणी झालीच नाही.

म्हणजे वायरीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि 24 गेजवाल्या निकालात त्याचे कारण दडले आहे. स्पीकरवर ‘8 ओहम’ लिहिलेले असते, पण तो आकडा नावापुरता. तोच स्पीकर एखाद्या स्वराला 6 ओहम दाखवतो, तर खर्जाच्या एखाद्या जागी 20-30 पर्यंत चढतो. वायरीचा रोध या बदलत्या ओझ्याच्या रांगेत उभा राहतो आणि जिथे स्पीकरचा आकडा उतरतो, तिथे व्होल्टेजचा जास्त वाटा खातो. बारीक, लांब वायरीने काही स्वर किंचित दबतात, काही पुढे येतात. त्यात जादू काही नाही, शाळेतला ओहमचा नियमच आहे.

मॅकिंटॉश या अमेरिकी कंपनीत ध्वनिसंशोधन केलेल्या रॉजर रसेल यांनी सोपा दंडक सांगितला: जाण्या-येण्याच्या दोन्ही पदरांचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांहून कमी ठेवा. 8 ओहमला मर्यादा 0.4 ओहम, 4 ओहमला 0.2. आता आपल्या बाजारात या. घराच्या फिटिंगची लवचीक वायर चौरस मिलिमीटरवर विकली जाते आणि इलेक्ट्रिशियन तिला ‘दीडची’, ‘अडीचची’ म्हणतो. दीडच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.0133 ओहम, अडीचचा 0.008. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर 5 मीटरवर असेल, तर 10 मीटर तांबे लागते: दीडमध्ये 0.13 ओहम, अडीचमध्ये 0.08. दोन्ही पास. धारमधल्या एखाद्या जुन्या वाड्याची बैठक एवढी लांब असेल की वायर भिंतीच्या कडेने फिरवत 10-12 मीटर न्यावी लागते, तिथे 4 ओहमच्या स्पीकरला दीडची नापास होते, अडीचची जेमतेम काठावर उतरते. तेव्हा सरळ चारची घ्यावी. गणित तिथेच संपते.

खरी फसवणूक दुसरीकडे आहे. ‘सीसीए’ म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर. पारदर्शक वेष्टणात ती अस्सल तांब्यासारखी चमकते, पण तेवढ्याच जाडीला रोध दीडपट. उचलून पाहिली तर हलकी लागते आणि ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. ‘स्पीकर वायर’ असे ठळक छापलेल्या देखण्या गुंडाळीपेक्षा आयएस 694 चा शिक्का असलेली, पुण्याच्या फिनोलेक्ससारख्या कंपनीची साधी फिटिंगची वायर शतपटीने बरी. लाल आणि काळी दोन घ्यायच्या, सैलसर पीळ द्यायचा, झाले. दोन्ही टोकांना लाल ते लाल जुळले नाही, तर एका बाजूचा स्पीकर उलटा ढकलतो आणि खर्ज नाहीसा होतो. हा दोष कोणतीही केबल बदलून जात नाही.

दोन्ही बाजूंच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, हाही एक हट्ट. देवास संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीसारखे स्टीरिओचे दोन चॅनेल शेजारी नांदतात, कारभार वेगळा. एक वायर मीटरभर लांब असली, तर विजेला उशीर होतो सुमारे 5 नॅनोसेकंद. ऐकणाऱ्याने मान एक मिलिमीटर कलती केली तरी हवेतून येणाऱ्या आवाजाला त्याच्या पाचशेपटीहून जास्त उशीर होतो.

राहिले ते शंभर तास. केबल वाजवून वाजवून ‘मुरवावी’, ही समजूत इतकी रुजली आहे की नॉर्डोस्टसारखी कंपनी त्यासाठी खास यंत्र विकते. पण तांब्याच्या तारेत स्पीकरच्या व्होल्टेजला मुरण्यासारखे काही नसते. वेष्टणातले सूक्ष्म परिणाम मोजता आले तरी कानाच्या आवाक्याबाहेरचे. स्पीकर मात्र खरोखर सैलावतो. कोनाला मागून धरणारे राळ लावलेले नालीदार कापड नव्याने कडक असते, काही वेळ हलले की नरमते आणि खर्जाचा अनुनाद थोडा खाली सरकतो. सगळ्यात जास्त मुरतो तो कान. नवा आवाज आठवडाभरात सवयीचा होतो आणि श्रेय केबलला मिळते. शिवाय शंभर तासांनी अनेक दुकानांत परतीची मुदतही संपलेली असते, हा योगायोग विक्रेत्याला गैरसोयीचा नाही.

शंका असेल, तर घरच्या घरी तपासता येते. पडद्याआड बसलेल्या माणसाने नाणे उडवून वायर बदलायची किंवा तशीच ठेवायची, आवाजाची पातळी तीच राखायची, आणि ऐकणाऱ्याने कागदावर उत्तर लिहायचे. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम, कारण त्यात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि ते सलग वाजत राहते. पाच-सहा वेळा बरोबर आले तर नाण्याचा कौलही तसाच पडू शकतो. वीसेक फेऱ्या तरी कराव्यात.

पावसाळ्यात माळव्याची ती कोरडी हवा चार महिने रजेवर जाते, तेव्हा उघड्या टोकांचे तांबे काळवंडते, कधी हिरवट होते आणि स्क्रू सैलावतात. टोक कापून नवे सोलावे, बनाना प्लग किंवा लग नीट दाबून बसवावा, टर्मिनल पुन्हा आवळावे. हा दहा मिनिटांचा उद्योग झाला की उरलेले पैसे जाड पडद्यावर, सतरंजीवर आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणणाऱ्या दोन मजबूत स्टँडवर घालावेत. खोलीतला घुमारा तंबोऱ्यावर जेवढा चढतो, तेवढा अडीचच्या वायरीतून कधीच चढत नाही.