मोबाईलमधील चित्रफिती घरच्या डीव्हीडीवर कशा आणाव्यात?

आमच्या घरातील एका लग्नाच्या आदल्या रात्री आजीने नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या क्षणाचे चित्रण घरातील तीन मोबाईलवर झाले. काही महिन्यांनी आजी प्रभुघरी गेली. तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, मोबाईल वापरीत नाही. मात्र डीव्हीडी प्लेयर तिला लावता येतो. तिच्यासाठी एक डीव्हीडी करावी असे आम्ही ठरविले, आणि मगच ध्यानात आले की हे काम दिसते तितके सोपे नाही. त्या खटपटीतून आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

पहिली अडचण सर्वांत मोठी होती. आशीर्वाद जवळून टिपणाऱ्या मोबाईलची बॅटरी चित्रण चालू असतानाच संपली होती. फाईल मोठी दिसत होती, पण उघडत नव्हती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोबाईलच्या एमपी-४ फाईलचे दोन मुख्य भाग असतात : एक प्रत्यक्ष चित्र व ध्वनी, आणि दुसरा त्यांची अनुक्रमणिका. ही अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबविल्यावरच लिहिली जाते. मोबाईल मध्येच बंद पडला तर मजकूर शिल्लक राहतो, पण कोणते चित्र कोठे आहे हे सांगणारे पान नसते. अशा फाईलसाठी ‘अनट्रंक’ नावाची मोफत संगणकप्रणाली आहे. त्याच मोबाईलवर, त्याच मांडणीत घेतलेली एक चांगली चित्रफीत तिला नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्या आधारे ती हरवलेली अनुक्रमणिका नव्याने रचते. आमच्या फाईलचे शेवटचे काही क्षण गेले, पण आजीचा आवाज परत मिळाला. फाईलचा आकार शून्य दाखवीत असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी, मूळ फाईलला हात लावू नये.

दुसरी गोष्ट मूळ फाईल मिळविण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली चित्रफीत दाबून लहान केलेली असते. म्हणून ज्याने चित्रण केले त्याच्याच मोबाईलवरून केबलने फाईल घ्यावी. ते शक्य नसल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

आता जोडणीकडे वळू. दोन चित्रफितींची मांडणी, म्हणजे चित्राचा आकार, संकेतनाची पद्धत आणि ध्वनीचे स्वरूप, तंतोतंत सारखी असेल तरच त्या नुसत्या एकापुढे एक चिकटविता येतात. आमच्या तीन मोबाईलचे तीन प्रकार होते. अशा वेळी आधी सर्वांना एका साच्यात आणावे आणि मग जोडावे. डीव्हीडीसाठी तो साचा ठरलेलाच आहे. आपल्याकडील पाल पद्धतीत एमपेग-२ प्रकारचे चित्र, ७२० × ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रे आणि ४८,००० हर्ट्झचा ध्वनी लागतो. ‘एफएफएमपेग’ या मोफत प्रणालीत पाल डीव्हीडीची ही मांडणी तयारच मिळते. प्रत्येक चित्रफीत मूळ फाईलवरून थेट या साच्यात एकदाच रूपांतरित करावी. प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा कस जातो, म्हणून ते वारंवार करू नये.

रूपांतर करताना तीन गोष्टी तपासाव्यात. अनेक मोबाईल अंधार-उजेडाप्रमाणे सेकंदाला कमी-अधिक चित्रे घेतात. जोडणी करताना हे नीट सांभाळले नाही, तर पुढे पुढे ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. म्हणून वेग सर्वत्र समान, २५ चित्रांचा, ठेवावा आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट पाहून खात्री करावी. मोबाईल उभा धरून केलेले चित्रण रुंद पडद्यावर मध्यभागी, सुमारे एक-तृतीयांश रुंदीत दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. चित्र ताणून रुंद केले की चेहरे विद्रूप होतात. शिवाय जुन्या मोबाईलच्या थ्रीजीपी फायलींत बहुधा १७६ × १४४ इतकेच ठिपके असतात. डीव्हीडीचा पडदा त्याच्या सुमारे सोळापट आहे. चित्र मोठे होईल, पण जो तपशील मुळात टिपलाच गेला नाही तो कोणतीही प्रणाली निर्माण करू शकत नाही.

शेवटी तबकडी. नुसत्या फायली तबकडीवर टाकल्या तर पुष्कळ जुने प्लेयर त्या वाचीत नाहीत. ‘डीव्हीडी स्टायलर’सारख्या मोफत प्रणालीने डीव्हीडीची योग्य रचना करून घ्यावी. एका साध्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. उत्तम दर्जाचे सुमारे एक तास, तर मध्यम दर्जाचे सुमारे दोन तासांचे चित्रण तिच्यावर बसते. आम्ही मेनू मुद्दाम ठेवला नाही. तबकडी घातली की आजी समोर यावी, मावशीआजीला बटणे शोधावी लागू नयेत, एवढाच हेतू होता. तबकडी कमी वेगाने लिहावी आणि ज्या प्लेयरवर ती पाहायची आहे त्यावरच संपूर्ण चालवून पाहावी.

डीव्हीडी झाली म्हणून मूळ फायली पुसू नयेत. लिहिलेली तबकडी ऊन, दमट हवा आणि ओरखडे यांनी बिघडू शकते. मूळ फायली दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपाव्यात व त्यांना तारीख आणि प्रसंगाचे नाव द्यावे.

मावशीआजीने ती डीव्हीडी पाहिली आणि संपताच पुन्हा लावायला सांगितले. शेवटचे काही क्षण नाहीत, हे तिच्या लक्षातही आले नाही. आपल्याही घरी एखाद्या जुन्या मोबाईलमध्ये असा आवाज पडून असेल. तो मोबाईल कायमचा बंद पडण्याआधी एकदा चार्ज करून पाहावा, ही विनंती.