डाख देण्याचें विजेचें हत्यार : निवड कशी करावी

पंपाचा आपोआप चालू होणारा स्टार्टर, कुंपणाचें झटका यंत्र, ठिबकाचा नियंत्रक, फवारणी पंपाचा चार्जर हीं साधनें आतां पुष्कळ बागायतदारांच्या घरीं आढळतात. तीं बंद पडण्याचें कारण पुष्कळदां एखादी सुटलेली तार किंवा तडकलेला सांधा एवढेंच असतें. तेवढ्यासाठीं ऐन पाण्याच्या पाळीस तालुक्याची वाट धरावी लागूं नये, म्हणून डाख देण्याचें विजेचें हत्यार, ज्यास बाजारांत सोल्डरिंग आयर्न म्हणतात, तें घरीं असावें. मात्र निवडतांना केवळ स्वस्ताई पाहिल्यास सांधा राहतो बाजूस आणि बोर्डावरील तांब्याची पट्टीच उखडून येते.

प्रथम वॅटचा अर्थ ध्यानांत घ्यावा. वॅट म्हणजे उष्णतेची आवक, तपमान नव्हे. विहिरीच्या झऱ्याचा जोर आणि पाण्याची पातळी या जशा भिन्न गोष्टी, तसेंच हें. नियंत्रण नसलेलें २५ वॅटचें हत्यार रिकामें ठेवलें कीं फाजील तापतें, व जाड सांध्यास लावतांच निवतें. टोंकाचें तपमान मोजून तें राखणारें ६० वॅटचें हत्यार अधिक वॅटचें असूनही बोर्डास कमी अपायकारक होय. परंतु फिरविण्याचें बटण दिसलें म्हणजे नियंत्रण आहेच असें नाहीं. कांहीं हत्यारांत तें विजेचा पुरवठा तेवढा कमीजास्त करतें. आंत तपमान मोजणारा संवेदक आहे किंवा कसें, हें दुकानदारास विचारून घ्यावें.

६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. टोंक ३२० ते ३५० अंशांवर ठेवल्यास लहान सांधा दोन-तीन सेकंदांत होतो.

टोंक बदलतां येणारें असावें, व तसलीं टोंकें जवळच्या दुकानीं मिळावींत. सुईसारख्या टोंकापेक्षां लहान छिनीच्या आकाराचें टोंक उष्णता चांगली पोंचवितें. टोंकावर लोखंडाचा मुलामा असल्यास त्यास कानस लावूं नये. ओल्या स्पंजानें पुसावें व ठेवतांना त्यावर डाखाचा पातळ थर राहूं द्यावा. प्लग अर्थिंगसह तीन पिनांचाच घ्यावा. त्यानें माणूस व नाजूक भाग या दोहोंचें रक्षण होतें.

कल्हईवाल्याचा नवसागर येथें वर्ज्य समजावा. तो मागाहून तांबें खातो. राळच वापरावी.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनीं मोठें स्टेशन न घेतां वरील गुणांचें सुटें हत्यार घ्यावें, व उरलेल्या पैशांत चांगला डाख व एक जादा टोंक घ्यावें.

पेटी उघडण्यापूर्वीं वीज तोडावी. कपॅसिटरमध्यें वीज तोडल्यावरही भार राहतो, हें विसरूं नये. काम खिडकीपाशीं करावें, धूर नाकांत जाऊं देऊं नये, आणि डाखांत शिसें असल्यानें जेवणापूर्वीं हात धुवावेत. पहिला सराव टाकाऊ बोर्डावर करावा. पंपाच्या स्टार्टरवर नव्हे.