पुराची पातळी आणि प्रोग्रामची परीक्षा

आपल्या वसतिगृहात वाढलेली अनेक मुले-मुली आज सॉफ्टवेअर क्षेत्रात आहेत. ‘दिवसभर टेस्टिंग करतो’ असे मुलगा सांगतो, म्हणजे नेमके काय करतो, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याच नदीकडे वळू.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीत येते. तेथे आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. समजा, पातळी वाचून ‘सुरक्षित’, ‘इशारा’ वा ‘धोका’ असे उत्तर देणारा छोटा प्रोग्राम कोणी लिहिला. त्या एका तुकड्याची स्वतंत्र, आपोआप चालणारी परीक्षा म्हणजे युनिट टेस्ट. तीत कोणते आकडे घालावेत, येथे खरे कौशल्य लागते.

नवखा मनुष्य २०, ४२ आणि ५० फूट देतो. तिन्ही उत्तरे बरोबर येतात आणि चूक तशीच राहते, कारण ती सीमेवर दडलेली असते. ‘४५पेक्षा जास्त’ असे लिहिले असेल, तर नेमक्या ४५ फुटांवर प्रोग्राम ‘इशारा’च म्हणेल. म्हणून ३९ फूट ११ इंच, ४० फूट, ४४ फूट ११ इंच आणि ४५ फूट हे नमुने हवेतच.

इंचांचा घोळ याहून वाईट. ४४ फूट ९ इंच हे ४४.९ आणि ४४ फूट ११ इंच हे ४४.११ असे लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रोग्रामने ते दशांश समजले, तर पाणी दोन इंच चढूनही त्याच्या लेखी ते उतरलेलेच! ही जोडी चाचणीत कायम ठेवावी.

आणखी एक नमुना बहुधा विसरला जातो, तो म्हणजे रिकामी नोंद. ऐन पुरात मापक यंत्र बंद पडले आणि प्रोग्रामने त्या रिकाम्या जागेस शून्य धरले, तर उत्तर ‘सुरक्षित’ येईल. नदीकाठी रात्री झोपलेल्या माणसांसाठी याहून घातक चूक नाही. येथे ‘नोंद उपलब्ध नाही’ हेच उत्तर अपेक्षित.

अपेक्षित उत्तरे मात्र प्रोग्राम चालवण्यापूर्वी, ठरलेल्या पातळ्यांवरून लिहून ठेवावीत. प्रोग्रामचेच उत्तर उतरवून घेतले तर ती कॉपी झाली. आजची प्रत्यक्ष पातळीही नमुन्यात आणू नये. ती रोज बदलते, आणि काल उत्तीर्ण झालेली चाचणी आज नापास का, हे शोधण्यात दिवस जातो. शिवाय प्रत्येक पुलाच्या पातळ्या निराळ्या. कऱ्हाडसाठी नमुने नव्यानेच लिहावे लागतात.