मोगलाईच्या शिवेवर

देऊळगाव राजाहून जालन्याला निघालेल्या एस. टी.त बसलात, तर वाटेत शीव कुठे ओलांडली हे आज कुणाला कळणारही नाही. दोन्ही बाजूंना तीच काळी जमीन, तीच कपाशी, तीच बोली. एका जिल्ह्याची पाटी संपते, दुसऱ्याची लागते, एवढेच. पण माझी आजी होती तोवर, गाडी त्या जागी आली की ती पदर सावरून बसे आणि हलकेच म्हणे, "लागली बघ मोगलाई."

मोगलाई म्हणजे निजामाचे राज्य. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हाच शब्द होता. निजाम जाऊन पंचाहत्तरावर वर्षे झाली, पण शब्द आजीबरोबरच गेला.

आमच्या महाविद्यालयात शिवेपलीकडची पुष्कळ मुले शिकायला येतात. दरसाल १७ सप्टेंबरच्या सुमारास त्यांतले कुणीतरी विचारतेच, "मॅडम, आमच्या गावी मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते, मग इथे का नाही?" "आपण निजामाच्या राज्यात नव्हतो म्हणून," असे उत्तर मी कित्येक वर्षे देत आले. पुढे जरा वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले, की हे उत्तर पुरते खरे नाही. कागदोपत्री आपण निजामाचेच होतो!

१८५३ साली फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जाच्या निमित्ताने इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्याने ठेवून घेतले. म्हणजे कुळाने घर बळकावावे आणि मालकाच्या हातावर भाडे ठेवीत राहावे, तसला प्रकार. १९३६ च्या कराराने तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवीही मिळाली. बुलढाणा, चिखली, मेहकर इथल्या माणसांना आपला असा कोणी युवराज आहे याची कितपत वार्ता होती कोण जाणे! मात्र १९४७ साली इंग्रज जायला निघाले, तेव्हा निजामाने वऱ्हाड परत मागितले होते. ती मागणी मान्य झाली असती, तर शीव आमच्या दारावरून पुढे सरकली असती.

पलीकडचे राज्य केवढे? सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे दीड कोटीच्यावर माणसे. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा एक तुकडा असे तीन भाषांचे लोक, आणि कारभार उर्दूत. राजा मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. त्याच राज्यात 'गश्ती निशान ५३' या फर्मानामुळे साधी सभा भरवायलाही सरकारची परवानगी लागे. शिवेवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. नाणेही वेगळे. तिकडचा रुपया 'हाली', इकडचा 'कळदार', आणि कळदाराला भाव जास्त. आजीच्या लहानपणी बाजारात "हाली की कळदार?" हा पहिला प्रश्न असे.

१९३८ साली तिथे स्टेट काँग्रेस निघाली आणि पाय रोवण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. या प्रसंगी बाहेरच्यांनी जे केले, ते मला अध्यापक म्हणून फार मोठे वाटते. नागपूर विद्यापीठाने या मुलांना दार उघडले. परीक्षा, वसतिगृह, माध्यम या सगळ्या अडचणी तेव्हाही असतीलच. आज एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचे तर मुलाच्या चपला झिजतात. म्हणून या गोष्टीचे मोल मला जरा अधिकच कळते.

स्वातंत्र्य आले आणि चळवळीला निराळे वळण लागले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला इकडे तिरंगा चढत होता, तेव्हा तिकडे तो उभारणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना अटक होत होती. कार्यकर्त्यांनी शिवेबाहेर तळ टाकले. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचा कॅम्प त्यांत विशेष गाजला. रात्री शीव ओलांडून जायचे, करोडगिरीचे नाके मोडायचे, दप्तरे जाळायची, निजामाचे ताडीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडायची, आणि उजाडायच्या आत परतायचे. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी शेतकरणीही हातात शस्त्र घेऊन या लढ्यात उतरली. तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी १९४६ पासूनच जमीनदारांविरुद्ध उठाव केला होता. उलट बाजूने लातूरचा वकील कासिम रझवी याचे रझाकार गावेच्या गावे लुटीत सुटले. मुसलमान असूनही त्यांच्याविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. या लढ्याकडे केवळ दोन धर्मांचे भांडण म्हणून पाहणाऱ्याने हे नाव जरूर ध्यानात ठेवावे.

त्या दिवसांत जाफराबादेकडच्या एका खेड्यातून आजीचे घर रातोरात निघाले. ती तेव्हा बारा वर्षांची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. जात्याखाली पुरलेले हाली रुपये घाईत तिथेच राहिले, याची हळहळ तिला जन्मभर होती. उजाडता उजाडता गाडी देऊळगावच्या बाजूला तिच्या मामाच्या वाड्यापुढे उभी राहिली. मामाने 'कोण, किती जण, किती दिवस' यातले काहीएक विचारले नाही. बैल सोडले आणि मामीला हाक मारली, "चुलीवर मोठं पातेलं ठेव." शिवेलगतच्या गावांत अशी पातेली किती घरांत चढली असतील, याचा हिशोब कुठल्या दप्तरात सापडायचा नाही.

दूरच्या जगाची तऱ्हा और. विलायतेत चर्चिलसाहेबांना हैदराबादचा पुळका आला आणि पार्लमेंटात त्यांनी निजामाची बाजू घेतली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून विमानाने निजामाला हत्यारे पुरवीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे फिर्याद नेली. १३ सप्टेंबरला भारताची फौज आत शिरली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने फिर्याद कामकाजात घ्यावी की नाही यावर मते घेतली. बाजूने आठ, तिघे तटस्थ. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने हत्यार खाली ठेवले, आणि २२ तारखेला फिर्याद मागे घेत असल्याचे कळवले. दीड कोटी प्रजेला काय हवे होते, हे त्या दिवशी पॅरिसमध्ये मतास टाकलेले नव्हते.

गणपतीचे दिवस होते. मामाच्या वाड्यात साखर वाटली.

इथवरची गोष्ट आमच्या घरात दर लग्नकार्याला निघते. पुढची निघत नाही.

निजाम शरण आल्यानंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, अशा विणकरांवर, शेतमजुरांवर. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे त्यात सर्वांत होरपळले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल दिला. अगदी आखडत्या हाताने धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. त्यातच हेही नोंदले आहे, की काही ठिकाणी हिंदूंनी, विशेषतः हिंदू विणकरांनी, आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन राखले.

हा अहवाल वाचून मी आजीला सहज विचारले, "त्या वेळी तिकडचे मुसलमान आपल्याकडे आले होते का गं?" ती बराच वेळ गवारीच्या शिरा काढीत राहिली. मग म्हणाली, "आली व्हती की. आमच्या गावची मण्यारीण. दोन लेकरं घेऊन."

ही बाई दर सणाला आजीच्या गावात घरोघर बांगड्या भरायची. मामाचे घर तिला आजीच्या आईकडूनच ठाऊक झालेले. तीही पहाटेच आली, त्याच ओट्यापुढे उभी राहिली. या खेपेला मामाने विचारले. किती जण, किती दिवस, गावात कुणी पाहिले का. मामीने आतून पायली दोन पायली ज्वारी आणून तिच्या ओटीत घातली. गाव काय म्हणेल, असे मामा दोनदा म्हणाला. उजाडायच्या आत ती चिखलीच्या वाटेला लागली.

"आणि तुझी आई? तिने काही म्हटलं नाही?"

"आईच तर आसऱ्याला व्हती तिथं. ती काय म्हनंल?"

मामा वाईट माणूस नव्हता. मी त्याला म्हातारपणी पाहिले आहे. खिशात आम्हा मुलांसाठी रेवड्या ठेवणारा. सुरक्षा परिषदेवर वर चार शब्द सुनावताना मला लेखणी अडली नाही. मामाबद्दल काय लिहावे, ते मात्र आजवर सुचलेले नाही.

आजीने पुढे एवढेच सांगितले. जाताना मण्यारणीने तिचा हात धरून, ओट्याच्या कडेला बसून, अंधारातच चाचपून चार चार हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत.

"तू ठेवल्यास त्या हातात?" मी विचारले.

"ठेवल्या," आजी म्हणाली. "दिवाळी आलती ना तोंडावर."