तारे टिपा, पण परतीची घाई नको

कोरड्या तळ्याच्या पृष्ठभागावर सरकत गेलेले दगड, त्यांच्या मागे उमटलेली रेघ आणि वर आकाशगंगेचा पट्टा. या एका छायाचित्रासाठी हौशी मंडळी अमेरिकेतील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात रात्र जागवतात. कॅलिफोर्नियात नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींनाही हा छंद लागतो. रेसट्रॅक प्लाया नावाच्या या तळ्याकडे जाणारा रस्ता उबेहेबे विवरापासून सुमारे 43 किलोमीटर, सगळा खडीचा. धारदार दगडांनी टायर फाटतात आणि मोबाइलला रेंज नसते.

वाळवंट म्हटले की उष्माघात आठवतो. 1913 मध्ये याच खोऱ्यात 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तरीही उद्यान प्रशासन सांगते की, इथले सर्वाधिक मृत्यू एकट्या वाहनाच्या अपघातांत होतात. समोरून कोणी आलेले नसते. गाडीच रस्ता सोडते किंवा उलटते.

छायाचित्रकार डोळ्यांची काळजी घेतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटे लागतात, म्हणून ते लाल टॉर्च वापरतात. मेंदूचा विचार मात्र राहून जातो. सलग 17 तास जागे राहिल्यावर प्रतिसाद इतका मंदावतो, जितका 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्यार्क असताना मंदावतो. आपल्या कायद्याची मर्यादा 30 आहे. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्रीच ही पातळी गाठतो. त्यातच पहाटे 2 ते 5 या वेळेत शरीराचे घड्याळ झोपेकडे ओढते. डांबरी रस्त्यावर ताशी 90 किलोमीटर वेगाने जाताना 3 सेकंदांची डुलकी म्हणजे 75 मीटर गाडी चालकाविना!

खिडकी उघडणे, गाणी लावणे यांनी झोप जात नाही. कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो आणि तोही तात्पुरताच. वारंवार जांभया येत असतील, मागचे काही किलोमीटर आठवत नसतील, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून झोपणे हाच उपाय. निघण्याआधी दुपारी दीड तास झोपा. काम आटोपल्यावर उजाडेपर्यंत तिथेच विश्रांती घ्या. प्लायावर मुक्कामाला बंदी आहे, पण पुढे होमस्टेक तळावर तंबू ठोकता येतो. माणशी रोज किमान 4 लिटर पाणी ठेवा आणि परतीची वेळ घरी कळवून निघा.

आणि पालकांनो, फोनवर ‘कधी पोहोचशील?’ असे विचारण्याआधी ‘रात्री झोपणार कुठे?’ हे विचारा.